गोराईच्या घुमटाचं ऑडिट

समजा, चर्चगेटहून सुटलेली बारा डब्यांची बोरिवली फास्ट रुळांवरून अलगद उचलली, खाडीपलीकडे नेली आणि एका घुमटाच्या आत, भिंतीला लगटून, गोल वळवून ठेवली. मावते. पहिल्या डब्याचं तोंड आणि शेवटच्या डब्याची शेपटी यांच्यात वर अकरा मीटर जागा उरते. आणि मधल्या सगळ्या मैदानात एकही खांब नाही.

हे गणित मी बोरिवलीच्या गोराई जेट्टीवर होडीची वाट बघताना मोबाइलवर केलं. समोर खाडी, खाडीपलीकडे कांदळवन आणि कांदळवनाच्या डोक्यावर उन्हात चमकणारं सोनेरी टोक, म्हणजे ग्लोबल विपश्यना पॅगोडा. त्याच्या मुख्य घुमटाचा आतला व्यास 85.15 मीटर, म्हणजे आतला घेर साधारण 267 मीटर. लोकलचा एक डबा जोडणीसकट 21.3 मीटर धरला तर बारा डबे झाले 256. शेजारी बाबा उभे होते. उभी हयात त्यांनी सरकारी लेखापरीक्षणात काढलेली. माझी आकडेमोड त्यांनी दोनदा तपासली, डायरीत उतरवली आणि पुढे हिरव्या शाईची टिक केली.

"पुढचा आकडा सांग."

अशा रीतीनं त्या दिवशी आम्ही पॅगोडाचं ऑडिट केलं. ते तसं अस्थानीही नव्हतं. ज्यांच्या ऋणातून ही वास्तू उभी राहिली ते सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. 4 जानेवारी 1948 ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ते त्या पदावर आले. दिवसभर सरकारी हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात विपश्यना शिकवायची, असा त्यांचा क्रम. हिशेबाच्या माणसाला शोभेल अशी एक बाकी त्यांच्या मनात होती. ही विद्या ब्रह्मदेशाला भारतानं दिली, भारतात ती लोपली, तर आता ती सव्याज परत करायला हवी. ही कर्जफेड त्यांच्या शिष्यानं केली. सत्यनारायण गोएंका, जन्म 1924, गाव मंडाले, घराणं मारवाडी व्यापाऱ्याचं. म्हणजे देणं लिहून ठेवणारा लेखापाल आणि फेडणारा व्यापारी.

"हे बरंय," बाबा म्हणाले. "दोघांनाही वही ठेवता येत असणार."

खांबाविना पावणेसहा हजार चौरस मीटर

पॅगोडाची एकूण उंची सुमारे 96 मीटर. मजल्याला तीन मीटर धरले तर 32 मजली टॉवर. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा तो सरळसोट काळा सुळका, 61 मीटरची. तिच्या माथ्यावर आणखी बारा मजले चढवले की पॅगोडाचं टोक गाठता येतं.

पण उंचीचं कौतुक उपनगरात कुणाला उरलेलं नाही, बोरिवलीत 32 मजले आता नाक्यानाक्यावर दिसतात. डोकं गरगरतं ते आडव्या मापानं. रोमच्या पँथिऑनचा घुमट 43.3 मीटर व्यासाचा. एकोणीसशे वर्षं जग त्याच्याकडे मान वर करून बघतं आहे. विजापूरचा गोलघुमट 1656 चा, आतून साधारण 38 मीटर. गोराईचा व्यास त्याच्या सव्वादोन पट. सव्वादोन हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण व्यास सव्वादोन पट झाला की घुमटाखालची जागा पाचपट होते, आणि त्याच घडणीचा घुमट नुसता फुगवत नेला तर त्याचं वजन अकरापट होतं. मोठा घुमट बांधणं कठीण का, त्याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. जागा वर्गानं वाढते, वजन घनानं.

घुमटाखाली सुमारे 5,700 चौरस मीटर, म्हणजे 61 हजार चौरस फूट मोकळी जागा आहे. ध्यानाला बसायची क्षमता 8,000 माणसांची. भागाकार केला की माणशी 0.71 चौरस मीटर, म्हणजे अडीच फूट बाय तीन फूट. मांडी घालून बसायला पुरे. आता हीच जागा सकाळी पावणेनऊच्या घाटकोपरला किंवा मुलुंडला नेऊ. गर्दीच्या ऐन वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरवर 14 ते 16 माणसं उभी असतात, हा रेल्वेनंच मान्य केलेला आकडा. म्हणजे गोराईत एक साधक ज्या तुकड्यावर डोळे मिटून बसतो, तेवढ्याच तुकड्यावर मध्य रेल्वे दहा-अकरा मुंबईकर उभे करते. त्यांतलेही काही डोळे मिटलेले असतात, हा भाग वेगळा.

बाबांनी टिक केली. "पण हे उभं कशावर आहे?"

सहाशे किलोची वीट

उभं आहे ते दगडावर आणि दगडांच्या एकमेकांतल्या अडकवणीवर. पाया काळ्या बेसॉल्टचा, गिल्बर्ट टेकडीच्याच कुळातला. वरचा घुमट राजस्थानातून आणलेल्या वालुकाश्माचा. एकेक दगड 600 ते 700 किलोचा. वालुकाश्माचा घन मीटर साधारण 2.3 टन भरतो, तेव्हा 650 किलोचा दगड म्हणजे जवळपास 65 सेंटीमीटरचा ठोकळा, घरातल्या छोट्या वॉशिंग मशीनएवढा. दहा टनी ट्रकमध्ये असे फार तर पंधरा बसतात. प्रत्येक दगडाला खाचा आणि उंचवटे असे काढलेले, की तो शेजारच्या दगडांत गुंततो. फटीत चुन्याचा गिलावा.

कमान आणि घुमट यांत एक गमतीचा फरक आहे. कमानीचा शेवटचा दगड बसेपर्यंत तिला खालून टेकू लागतो. घुमट मात्र कड्याकड्यानं वर चढतो. एक कडं पुरं झालं की त्यातला प्रत्येक दगड आत पडू बघतो आणि दोन्ही बाजूंचे शेजारी त्याला पडू देत नाहीत. सगळेच पडू बघतात, म्हणून कुणीच पडत नाही. खालच्या कड्यांत मात्र उलटा प्रकार. तिथे वरच्या ओझ्यानं दगड बाहेर पसरायला बघतात, म्हणून पायथ्याला भिंत जाड करावी लागते. गोराईत बाहेरचा सर्वांत मोठा व्यास 97.46 मीटर आहे. त्यातून आतला व्यास वजा करून निम्मे केले की भिंतीची जाडी निघते सहा मीटर. आमच्या हॉलची लांबी याहून कमी आहे.

लोखंडाच्या सळ्यांचा मोह टाळला तो आयुष्यासाठी. खाडी आणि अरबी समुद्र यांच्या मधल्या त्या जिभेवर हवा कायम खारट. सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. मुंबईच्या प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघतोच. दगड आणि चुना यांना हा रोग नाही. बांधणाऱ्यांनी हिशेब धरला हजार वर्षांचा. आमची सोसायटी तिशी ओलांडताच रीडेव्हलपमेंटच्या गप्पा करू लागली. या चालीनं पॅगोडाच्या एका आयुष्यात आमची इमारत 33 वेळा पाडून बांधावी लागेल, आणि दर वेळी कॉर्पसवरून भांडण होईल.

कामाच्या तारखा अशा आहेत. पायाभरणी ऑक्टोबर 1997. बांधकाम 2000 पासून. पहिला, सर्वांत मोठा घुमट पुरा होताना 29 ऑक्टोबर 2006 ला त्याच्या मधल्या कळीच्या दगडात बुद्धाच्या अस्थी ठेवल्या गेल्या. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा घुमट नोव्हेंबर 2008 मध्ये संपला. 8 फेब्रुवारी 2009 ला राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

एक आकडा बाद

पॅगोडाबद्दल एक आकडा बराच फिरतो. इथे 25 लाख टन दगड लागला, असा. मी तो मोठ्या उत्साहानं बाबांना सांगितला. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"सगळा पॅगोडा भरीव धर. वर निमुळता होतो तेही सोड, खालीवर सारखा, डब्यासारखा धर. किती होईल?"

97.46 मीटर व्यास, 96 मीटर उंची. डबा भरला सुमारे 7 लाख 16 हजार घन मीटर. 2.3 नं गुणलं, साडेसोळा लाख टन. म्हणजे पॅगोडा भरीव दंडगोल असता तरी 25 लाख टन दगड त्यात मावला नसता. खरा पॅगोडा वर शंकूसारखा निमुळता, म्हणून याचा तिसरा हिस्सा, साडेपाच लाख. आतली पोकळी आणखी वजा करायची. ढोबळ हिशेबानं आपण तीन-सव्वातीन लाख टनांवर येतो, आणि वरचे दोन घुमटही पोकळ असल्यानं खरा आकडा त्याहून कमीच असणार.

दुसरी चाळणी ट्रकची. 25 लाख टन, दहा टनी ट्रक, आठ वर्षं. एकही सुटी न घेता रोज 85 ट्रक, दिवसरात्र दर सतरा मिनिटांनी एक. गोराईतल्या कुणालाही विचारा, तो हसेल. इजिप्तचा मोठा पिरॅमिड साधारण 60 लाख टनांचा आणि जवळपास भरीव आहे. गोराईत त्याच्या चाळीस टक्के दगड आहे असं म्हणणं म्हणजे डोळ्यांसमोरच्या वास्तूकडे न बघता बोलणं.

बाबांनी डायरीत 25 लाखांखाली रेघ मारली. "शून्यं जास्त झाली की माणसं गुणाकार तपासत नाहीत," म्हणाले. "तीन लाख टन काय थोडे आहेत?"

मूळ प्रत

गोराईचा पॅगोडा ज्याच्या रूपावर बेतला आहे तो यांगूनचा श्वेडगॉन. सुमारे 99 मीटर उंच. पण दोघांत एक मोठा फरक आहे. श्वेडगॉन भरीव आहे, त्याच्या आत माणसाला जागा नाही. लोक भोवती फिरतात, आत जात नाहीत. गोराईत तेच रूप पोकळ केलं, आणि अवघड अभियांत्रिकी सगळी त्या एका बदलातून उपजली.

श्वेडगॉन एकदम एवढा झाला नाही. चौदाव्या शतकात राजा बिन्या ऊ यानं तो 18 मीटरपर्यंत नेला. पंधराव्या शतकात राणी शिन सॉ बू हिनं 40 मीटर केला. 1768 च्या भूकंपात वरचा भाग कोसळल्यावर राजा सिनब्यूशिन यानं तो आजच्या उंचीला पोहोचवला. चारशे वर्षांत साडेपाच पट. आपल्याकडे देवळाला कळस नवा चढवतात. तिकडे प्रत्येक पिढीनं अख्खं देऊळच वाढवलं.

अगदी टोकाशी छत्र असतं. ब्रह्मी भाषेत त्याला 'ठी' म्हणतात. श्वेडगॉनच्या छत्रावर आणि टोकावर 5,448 हिरे, 2,317 माणकं, 1,065 सोन्याच्या घंट्या असल्याची मोजदाद सांगितली जाते. सर्वांत वर एक 76 कॅरेटचा हिरा. 76 कॅरेट म्हणजे 15 ग्रॅम, मोठ्या चमचाभर साखरेपेक्षा थोडं जास्त. 99 मीटर उंचीच्या डोंगरावर चमचाभर हिरा, आणि खालून तो कुणालाच नीट दिसत नाही. गोराईच्या टोकावर मोठा स्फटिक आहे. तिथलं शोभेचं छत्र ब्रह्मदेशातल्या लोकांनी दिलेलं, आणि मुख्य दारं लाकडाची, तिथल्या कारागिरांनी हातानं कोरून पाठवलेली. शिखराला खरं सोनं, बाकी अंगाला सोनेरी रंग.

या सोन्यामागे एक जुनी रीत आहे. राणी शिन सॉ बू हिनं स्वतःच्या वजनाइतकं सोनं श्वेडगॉनला दिलं, 40 किलो. आपल्याकडची सुवर्णतुलाच ही. 40 किलोंत होतं तरी काय, असं वाटेल. त्यासाठी मंडालेला जावं लागेल.

वर्ख

मंडाले म्हटलं की मराठी माणसाला टिळक आठवतात. तिथल्या तुरुंगात त्यांनी 1908 ते 1914 अशी सहा वर्षं काढली आणि 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहून काढलं. त्याच शहरात सोनं कुटणाऱ्यांची पेठ आहे.

सोन्याच्या पट्टीचे बारीक तुकडे करतात, ते बांबूच्या कागदांमध्ये एकावर एक रचतात, चामड्यात बांधतात आणि तीनेक किलोच्या घणानं ठोकतात. तो कागद बनवायलाच बांबू दोन-तीन वर्षं चुन्याच्या पाण्यात भिजत ठेवावा लागतो. ठोकायचं आधी अर्धा तास, पुन्हा तुकडे करून एक तास, पुन्हा तुकडे करून पाच तास. वेळ मोजायला घड्याळ नाही. पाण्याच्या भांड्यात भोक पाडलेली नारळाची करवंटी सोडतात. ती भरून बुडाली की एक माप झालं. लग्नाच्या मुहूर्तासाठी आपल्याकडे घंगाळात घटिकापात्र सोडत, त्याचं हे सख्खं भावंड. दोन सेकंदाला एक घाव धरला तरी साडेसहा तासांत 11,700 घाव होतात.

एवढं झाल्यावर हाती येतो तो वर्ख. चांगल्या वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाते. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे 700 वर्ख मावतील. खुद्द वर्खाच्या जाडीत सोन्याचे अणू जेमतेम चारशे. इतक्या पातळ वस्तूला बोट लावलं की ती बोटाचीच होते.

आता राणीचा हिशेब. एक तोळा सोनं इतकं कुटलं तर सहा चौरस मीटर वर्ख होतो, चाळीतल्या स्वयंपाकघराची सगळी जमीन झाकेल इतका. 40 किलोंचा होतो 20,700 चौरस मीटर, म्हणजे पाच एकर. साडेचारशे फुटांच्या वन बीएचकेचा हिशेब केला तर जवळपास पाचशे फ्लॅटच्या जमिनी भिंतीपासून भिंतीपर्यंत सोन्यानं मढवून निघतात. बोरिवलीतल्या तीन-चार टॉवरची ही वस्ती झाली. एका बाईच्या वजनाइतक्या सोन्यात!

उलटा हिशेब त्याहून चक्रावणारा आहे. मंडालेच्या महामुनी मंदिरातल्या बुद्धमूर्तीला भाविक आपल्या हातानं वर्ख लावतात, पिढ्यान्‌पिढ्या. चेहरा सोडून मूर्तीच्या अंगावर आता सोन्याचा साधारण 15 सेंटीमीटर जाड थर आहे, खडबडीत, गाठीगाठींचा. 15 सेंटीमीटरला वर्खाच्या जाडीनं भागलं की येतात 15 लाख थर. एकाच जागी रोज एक वर्ख लावला असता तर 4,100 वर्षं लागली असती, म्हणजे बुद्धाच्या जन्माच्या दीड हजार वर्षं आधी सुरुवात करायला हवी होती. अर्थात लावताना वर्ख चुरगळतो, दुमडतो, म्हणून थर प्रत्यक्षात कमी असतील. पण कमी म्हणजे किती कमी? निम्मे धरले तरी साडेसात लाख हात.

"इथे पावत्या नाहीत," बाबा म्हणाले, "पण साठा डोळ्यांसमोर आहे. चालेल." टिक.

पावणेसहाशे किलोचं पान

मंडालेत एक ग्रंथ आहे, तो कुणाला उचलून नेता येत नाही. राजा मिंडॉननं 1860 मध्ये त्रिपिटक संगमरवरावर कोरायला घेतलं आणि 1868 मध्ये ते कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात उघडं झालं. 729 शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, म्हणजे 1,458 पानं. प्रत्येक शिळेला स्वतंत्र छोटं मंदिर. एक शिळा साधारण 153 सेंटीमीटर उंच, 107 रुंद, 13 जाड. गुणाकार केला की एका शिळेचं वजन येतं सुमारे 575 किलो. गोराईच्या एका दगडाइतकंच, थोडंसं कमी. सगळा ग्रंथ 400 टनांवर जातो. 1871 मध्ये मंडालेला पाचवी धम्मसंगीती भरली तेव्हा 2,400 भिक्षूंना त्रिपिटक पाठ म्हणून तपासायला जवळपास सहा महिने लागले. ऑडिटचा एवढा मोठा चमू बाबांनी कधी ऐकला नव्हता. त्याच 1871 मध्ये मिंडॉननं इंग्रजांच्या ताब्यातल्या यांगूनला श्वेडगॉनसाठी नवं सोन्याचं छत्रही पाठवलं. राज्य गेलेल्या शहरावर त्यानं कळस तेवढा आपला ठेवला.

या शिळांची अक्षरं आधी सोन्यानं भरलेली होती. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्यानंतर ते सोनं गेलं. पुढे अक्षरं काळ्या शाईनं भरली. आणि मिंडॉनचा मुलगा, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, 1886 मध्ये आला तो आपल्या रत्नागिरीला, कैदी म्हणून. तीस वर्षांनी, 1916 मध्ये, तिथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला थिबा पॅलेस 1910 चा. तारखा शेजारी ठेवून बघा. रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं ग्रंथ लिहीत होते तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत नव्या वाड्यात राहायला गेला होता. जमाखर्चाच्या दोन रकान्यांत इंग्रजांनी एकेक माणूस अदलाबदल करून टाकला होता.

देणे-घेणे

मुळात हे खातं उघडलं कुठे? फार लांब नाही. पॅगोडाच्या उत्तरेला सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर नालासोपारा आहे. शूर्पारक बंदर ते हेच, जिथून जहाजं पूर्वेला जात. तिथल्या स्तूपात 1882 मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना करंडकात करंडक, त्यात करंडक असा ठेवा मिळाला. तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सर्वांत आत सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे, आणि सोबत सोन्याची फुलं. मातीला सोन्याची डबी. महामुनीचा वर्ख याच घराण्यातला.

पूर्वेला अकरा किलोमीटरवर कान्हेरी. तिथल्या शंभराहून अधिक लेण्यांत सुमारे हजार वर्षं लोक दगड काढत राहिले. गोराईला आठेक वर्षं दगड रचत राहिले. बोरिवली स्टेशनच्या एका बाजूला डोंगरातून दगड वजा करून केलेली पोकळी, दुसऱ्या बाजूला दगड मिळवून केलेली. दोन्हीत माणूस बसतो तो त्याच कामाला. मधल्या काळात स्तूपाचा तो उलट्या वाडग्याचा आकार समुद्र ओलांडून गेला, ब्रह्मदेशात उंच झाला, सोन्याचा झाला, आणि 2008 मध्ये परत आला. घडण बदलून, वाढीव होऊन. बाबांच्या भाषेत मुद्दल आणि व्याज.

व्याजाचे आकडेही आहेत. गोएंका जून 1969 मध्ये भारतात आले. पहिलं शिबिर 3 जुलै 1969 ला मुंबईत एका धर्मशाळेत भरलं, त्यात त्यांच्या आईवडिलांसह चौदा माणसं होती. चाळीस वर्षांत चौदा आसनांची आठ हजार झाली, 571 पट. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं पाली त्रिपिटक त्याच्या टीकांसह देवनागरीत छापलं, 140 खंडांत, आणि मग ते सगळं एका सीडीवर बसवलं. मिंडॉनचा 400 टनांचा ग्रंथ 15 ग्रॅमच्या चकतीवर आला. श्वेडगॉनच्या टोकावरचा हिरा तेवढ्याच वजनाचा आहे, हे माझ्या परतीच्या होडीत लक्षात आलं.

सर्वसाधारण पाहुण्यांना घुमटात उतरता येत नाही. काचेच्या गॅलरीतून आत बघायचं. आम्ही बघितलं. साठ हजार चौरस फुटांच्या वर्तुळात, दूर एका कडेला, थोडी माणसं बसली होती. काचेमुळे आवाज येत नव्हता, आणि काच नसती तरी आला नसता. बाबा बराच वेळ बघत राहिले. त्यांनी काही लिहिलं नाही.

होडीत बसल्यावर मी त्यांना शेवटचा आकडा दिला. राजा धम्मझेदी यानं 1484 मध्ये श्वेडगॉनसाठी एक घंटा ओतवली, सुमारे 300 टनांची. गोराईचे साडेचारशेहून अधिक दगड एकत्र केले तर तेवढं वजन होतं. 1608 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीजांचं पाठबळ असलेला फिलिप द ब्रिटो हा सिरियमचा ठाणेदार ती घंटा तोफा ओतायला म्हणून पळवत होता. तराफा फुटला, घंटा यांगूनजवळ नदीत गेली. पाणबुडे शोधतात, सापडत नाही. 1825 मध्ये इंग्रजांनीही श्वेडगॉनची दुसरी, 23 टनांची घंटा न्यायचा प्रयत्न केला, तीही नदीत पडली. ती मात्र स्थानिक लोकांनी बांबूच्या तराफ्यांनी वर काढून जागेवर नेऊन टांगली.

होडीच्या इंजिनाचा धूर तोंडावर येत होता. बाबांनी डायरी गुडघ्यावर उघडली आणि नव्या पानावर लिहिलं: 'येणे बाकी. घंटा 1, कांसं, अंदाजे 300 टन.'

"कुणाकडून येणे?" मी विचारलं.

"नदीकडून," म्हणाले. टिक न करता त्यांनी डायरी मिटली आणि पेन खिशाला लावलं. पलीकडे बोरिवलीची जेट्टी आली होती.